४० यार्डांच्या शॉटबद्दल
धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय की सरावात ४० यार्डांवर सगळे बाण मुठीएवढ्या जागेत बसतात, मग हरणावर ४० ला सोडायला काय हरकत आहे. बाण एकाच जागी बसतात हे मान्य, पण फोमचं टार्गेट धनुष्याच्या दोरीचा आवाज ऐकत नाही ना. जरा हिशोब करून बघा, बाण सेकंदाला २८० फूट जात असेल (कंपाऊंडला, म्हणजे कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याला, हा बरा स्पीड झाला) तर ४० यार्डांना साधारण ०.४३ सेकंद लागतात आणि आवाज ०.११ सेकंदातच पोचतो, म्हणजे हरणाला ०.३ सेकंद मिळतात, आणि दचकलेलं हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली जातं, तेवढ्यात फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीत बसतो नाहीतर वरून जातो. २० यार्डांवर हाच वेळ निम्मा.

म्हणून मी अंतराइतकंच कानांकडे बघतो. कान तुमच्याकडे वळलेले, मान ताठ, पुढचा खूर आपटतंय, तर २५ यार्डांवर असलं तरी बाण मारू नका. निवांत चरत असेल तरच विचार करायचा, तोही पूर्ण आडवं किंवा तिरकं पाठमोरं उभं असेल तर, आणि तिरक्यात जवळच्या खांद्यामागे न धरता पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत बाण बाहेर पडेल असं धरायचं. मचाणाच्या अगदी खाली आलेलं मात्र नकोच, त्या कोनात बऱ्याचदा एकच फुफ्फुस लागतं आणि एका फुफ्फुसावर हरीण फार लांब जातं.