यूएन मिशनवर गेलेला जवान खरंच 'डॉलर छापतो' का?

खंदकवाला (सातारा):

परवा जत्रेत एकाने चारचौघांत विचारलं, "हवालदारसाहेब, आफ्रिकेतनं किती डॉलर आणले? माडी त्यातलीच ना?" हसून वेळ मारून नेली, पण डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय.

२०१९-२० मध्ये मी दक्षिण सुदानला मलाकालमध्ये होतो, शांतिसेनेत. लोकांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलाय: माणशी महिना १,४२८ डॉलर. आकडा खरा आहे, आमच्या वेळी हाच दर होता. पण ते पैसे संयुक्त राष्ट्रं देशाच्या सरकारला देतात, जवानाला नाही. तिथून थेट आमच्या हातात पडायचे दिवसाला १.२८ डॉलर. महिन्याचा गुणाकार करा, चाळीससुद्धा होत नाहीत. त्याशिवाय आपला नेहमीचा पगार आणि भारत सरकारचा परदेश भत्ता. भत्ता बरा असतो, खोटं कशाला बोलू. घराचं कर्ज फिटलं. माडी मात्र रिटायर झाल्यावरच्या पैशातली आहे.

माझं म्हणणं: दर जर माणसं मोजून ठरतो, तर त्यातला ठरावीक वाटा त्या माणसाच्या खात्यात सरळ यावा.

बर्फातला:

दादा, राग मानू नका, पण हे रडगाणं मला पटत नाही. पलटणीचं नाव मिशनसाठी निघालं की पोरं हरखतात, हे तुम्हीही पाहिलंय. राहणं फुकट, रेशन फुकट, वर्षभर खर्चायला जागाच नाही. सियाचिनला जवानाचा भत्ता १४,००० वरून ३०,००० झाला तोच २०१७ मध्ये, आणि तिथे बोटं गळून पडतात. तिथल्याला कोणी 'माडी बांधली का' विचारत नाही, कारण बांधता येत नाही. त्याच्यापुढे मलाकाल म्हणजे बदलीच, शिक्षा नव्हे.

खंदकवाला:

सियाचिनशी बरोबरी मी केलेलीच नाही. पण 'खर्चायला जागा नाही' हे अर्धंच खरं. मलाकालची जमीन काळी, आपल्या कपाशीच्या रानासारखी. पाऊस लागला की गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतते. मग माल येणार हेलिकॉप्टरने नाहीतर पांढऱ्या नाईलवरच्या बार्जने. बाजारात साधा साबण घ्यायचा तरी कालचा भाव आज नसायचा, तिथला पाऊंड २०१५ पासून घसरतोच आहे. डॉलर द्यावा तर नोट कोरी पाहिजे. जरा दुमडलेली, शाई लागलेली किंवा २००६ च्या आधीची असली की दुकानदार मान हलवतो. माझी शंभराची एक नोट अशीच वर्षभर पाकिटात फिरली. आणि फोन! घरच्यांशी बोलायला वायफाय कधी असायचं, कधी नसायचं. मग लोकल सिमचा डेटा. पोराचा चेहरा दिसेपर्यंत निम्मं रिचार्ज संपलेलं.

वर एक वर्षाची बोली होती. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या तुकड्यांची अदलाबदल जूनअखेरपर्यंत थांबवली. सामान बांधून तसंच बसलो.

जमाखर्च:

धागाकर्त्यांच्या मागणीत एक घोळ आहे. तो दर म्हणजे जवानाचा पगार नव्हे. सर्वांत जास्त सैन्य देणाऱ्या देशांत एका जवानामागे किती जादा खर्च होतो, याची पाहणी करून तो ठरवतात आणि सगळ्या देशांना एकच दर लावतात. पगार, प्रशिक्षण, दवापाणी, पुढे पेन्शन, हे सगळं आपलं सरकारच करतं. शिवाय न्यूयॉर्कहून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातून, पैसे वेळेवर येत नाहीत, आपली थकबाकी अनेकदा राहिलेली आहे. जवानाचा वाटा त्या पैशाला बांधला तर तिकडे खडखडाट झाला की इकडे जवान उपाशी. त्यापेक्षा रुपयात मिळणारा भत्ता शंभर पटीने भरवशाचा.

खंदकवाला:

थकबाकीचा मुद्दा मान्य. त्या बाजूने विचार केला नव्हता. पण मग निदान पगाराच्या स्लिपवर तरी येऊ द्या, की तुझ्या नावावर एवढे आले आणि ते कुठे गेले.

कैझर्सलाउटर्नकर:

वेगळ्या बाजूने. मी जर्मनीत राहतो, शेजारीच रामश्टाइनचा अमेरिकन तळ. इथला अमेरिकन सैनिक बायकापोरांसह येतो. घरभाड्याचा वेगळा भत्ता, महागाईचा वेगळा, तळावर स्वतःचं करमुक्त किराणा दुकान, बाहेर खरेदी केली तर १९ टक्के व्हॅट वाचवायचा फॉर्म, पेट्रोलचंसुद्धा स्वस्त रेशन. तरी कुरकुर असतेच: डॉलर वधारला की महागाईभत्ता कापतात, आणि घरमालक भत्त्याची कमाल मर्यादा पाहूनच भाडं सांगतात! (माझा घरमालकही त्यातलाच. भत्ता मला नाही, भाडं मात्र तेच.)

बर्फातला:

तेच म्हणतो मी. रामश्टाइनवाला रडतो, मलाकालवाला रडतो. काका, घर सोडलं की रडणं आलंच.

एसएफ क्वार्टरमधून:

तुम्ही सगळे पुरुष डॉलरवर भांडताय. मी एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे जवान बाहेर असताना कुटुंबाला मिळणाऱ्या घरात, राहून मिशनच्या वर्षाची दुसरी बाजू बघितलीय. मिस्टर काँगोत गोमा शहरात मिशनवर होते. मे २०२१ मध्ये न्यिरागोंगो ज्वालामुखी फुटला, तेव्हा बातमी टीव्हीवर आधी आणि त्यांचा फोन सोळा तासांनी. त्या सोळा तासांचा भत्ता कुठल्या कोष्टकात बसतो?

आणि पैसा कुठे जातो ते ऐका. ते निघायच्या आधीच दिराने ट्रॅक्टरचा हप्ता आमच्यावर टाकला, 'वहिनी, आता काय, डॉलरच डॉलर'. नणंदेला परफ्यूम, मामेसासऱ्यांना घड्याळ, गल्लीत चॉकलेटं. देवळाच्या वर्गणीत आमच्या नावापुढे आम्हाला न विचारता अकरा हजार. नाही म्हणायची सोय नाही, कारण 'फॉरिन'. वर्षभरात जो भत्ता साठला त्यातला निम्मा गावाने खाल्ला. बर्फातले भाऊ, सियाचिनच्या पैशावर निदान कोणाचा डोळा नसतो.

बर्फातला:

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. ट्रॅक्टरचं मात्र आमच्याकडेही झालंय, सियाचिन असूनसुद्धा.

जमाखर्च:

ताईंचा मुद्दा खरा, पण त्यावर सरकार काय करणार? दिराला नोटीस पाठवणार?

नवीन सदस्य (अपशिंगे मिलिटरी):

वादात पडत नाही. आमच्या ह्यांच्या युनिटचं नाव निघालंय, दक्षिण सुदानच. सोबत काय द्यावं? तूरडाळ मिळते का तिथे?

खंदकवाला:

ताई, डाळ-तांदूळ-कणिक रेशनला मिळतं, त्याची काळजी नको. कोंबडी मात्र वर्षभर फ्रोझन, तोंडाची चव जाते. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट भरपूर द्या, ठेचा तेलात परतून. मच्छरदाणी तिथे मिळते, पण मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका म्हणावं. डॉलर नेणार असतील तर नव्या, कोऱ्या नोटा. आणि दिराला आत्ताच सांगून ठेवा.