सम्टर काउंटी (जॉर्जिया): प्लेन्सखेरीज काय पाहावे?

पाऊलवाट: पुढच्या महिन्यात आईवडील पुण्याहून अटलांटाला येत आहेत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे प्लेन्स हे गाव पाहण्याची वडिलांची फार दिवसांची इच्छा आहे. ते ज्या सम्टर काउंटीत आहे, तिचा इतिहास काय, आणि एक मुक्काम केल्यास आणखी काय पाहता येईल?

जुनी_पाने: १८३१ साली स्थापन झालेली ही काउंटी मुळात कापसाची, म्हणजेच गुलामांच्या श्रमांवर उभी राहिलेली, भुईमुगाचे महत्त्व नंतरचे. मुक्काम अमेरिकस या मुख्य गावी, शक्यतो १८९२ मध्ये बांधलेल्या विंडसर हॉटेलात करा. प्लेन्समध्ये कार्टर शिकले ती शाळा आता संग्रहालय आहे, आणि १९७६ च्या प्रचाराचे कार्यालय झालेले चिमुकले रेल्वे स्थानकही जपलेले आहे. परंतु मला सर्वांत बोलके वाटले ते जवळच्या आर्चरीतील त्यांचे लहानपणचे शेतघर, जिथे १९३८ पर्यंत वीज नव्हती.

काउंटीच्या उत्तर सीमेवर अँडरसनव्हिल आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्याने तिथे १४ महिने युद्धकैद्यांची छावणी चालवली आणि आणलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० जण उपासमार, घाण पाणी व रोगराईने दगावले. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या तिथल्या स्मृतिशिळा पाहायला पुरेसा वेळ ठेवा.

मळेकरी: कोइनोनिया मळा कृपया वगळू नका. क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये येथे गोरे व कृष्णवर्णीय एकत्र राहतील, राबतील आणि एका पंगतीत जेवतील अशी वसाहत उभारली. १९५० च्या दशकात त्यांच्यावर गोळीबार झाला, रस्त्याकाठचे दुकान स्फोटाने उडवले गेले आणि स्थानिक व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला, तेव्हा पेकान हे कवचफळ टपालाने दूरवर विकून ही माणसे तगली. गरजूंना नफा न घेता घरे बांधून देण्याचा त्यांचा उपक्रम पुढे मिलर्ड व लिंडा फुलर यांनी वाढवला आणि त्यातून १९७६ मध्ये अमेरिकस येथे ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था जन्मली, जिच्यासाठी कार्टर दांपत्य पुढे अनेक वर्षे स्वतः हातोडा घेऊन राबले.

विक्रोळीकर: वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. कार्टर यांच्या आई, लिलियन, या परिचारिका होत्या आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारच्या परदेशी सेवाकार्याच्या संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून १९६६ मध्ये मुंबईत आल्या. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी आमच्या विक्रोळीत, गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात, रुग्णांची सेवा केली. आर्चरीच्या त्या घरात असतानाही त्या आसपासच्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आजारपणात धावून जात असत, त्यामुळे ते शेतघर पाहताना आईवडिलांना आपल्या विक्रोळीची आठवण करून द्या.