उजवी हेपॅटिक आर्टरी वेगळीकडून निघाली तर?

प्रश्न (सर्जरी रेसिडेंट, अंबाजोगाई):
सर, केजकडच्या एका काकांचं व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं ऑपरेशन) ठरलंय. सीटीत उजवी हेपॅटिक आर्टरी (यकृताच्या उजव्या भागाची धमनी) सीलिॲक या नेहमीच्या धमनीऐवजी आतड्याकडे जाणाऱ्या सुपिरिअर मेसेंटेरिक धमनीमधून निघालेली दिसतेय. किती गांभीर्यानं घ्यायचं?

उत्तर (सर्जन, लातूर):
पूर्ण गांभीर्यानं. ही आर्टरी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, पोर्टल व्हेनच्या (यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या) पाठीमागून वर चढते आणि पित्तनलिकेच्या मागे उजव्या अंगाला येते. म्हणजे आपलं काम चालतं तिथंच. ती तुटली तर यकृताचा उजवा भाग तर धोक्यात येतोच, पण पित्तनलिकेलाही बरंचसं रक्त तिच्याकडूनच मिळतं. मग आतड्याशी केलेला जोड गळू शकतो. मी शिकाऊ असताना एकदा क्लॅम्प लावणारच होतो, तेवढ्यात सरांनी माझं बोट नलिकेच्या मागे नेऊन ठेवलं. ठोका लागला. तो आजही बोटाला आठवतो. तुम्हीही आधी बोटानं बघा, मग कात्री.

पुस्तकातलं चित्र सगळ्यांचं नसतं. शरीररचनातज्ज्ञ मिशेल्स यांनी २०० शवांच्या विच्छेदनावरून १९६६ मध्ये यकृताच्या धमन्यांच्या रचनेचे दहा प्रकार मांडले. नेहमीची रचना जेमतेम ५५ टक्क्यांत होती.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, नांदेड):
सीटीतला आर्टिरियल फेज (धमन्यांत औषध भरलेलं असतानाची चित्रं) पातळ कापांत पुन्हा बघा. यकृताची डावी शाखा लेफ्ट गॅस्ट्रिकमधून (जठराच्या डाव्या धमनीतून) येतेय का, तेही तपासा. जठराच्या ऑपरेशनात तीच कात्रीत सापडते.

रेसिडेंट:
सर, डावी नेहमीसारखीच आहे. उद्या राउंडला सीटी घेऊन जातो.