मुळा खोऱ्यातील ओढ्या-नाल्यांचा डिजिटल नकाशा: रेषा बरोबर आहेत हे कसे ठरवावे?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मुळशीच्या घाटमाथ्यापासून पुण्यातील संगमापर्यंत मुळा नदीच्या खोऱ्यातील सर्व नद्या, ओढे आणि नाले एकमेकांना जोडलेल्या रेषांच्या रूपात नकाशावर आणण्याचे काम आम्ही काही जणांनी हाती घेतले आहे. पाणलोटाची कामे करणाऱ्या ग्रामपंचायतींना आणि शहरातील ओढ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नागरिकांना नकाशाचा हा स्तर (लेयर) विनामूल्य वापरता यावा, अशी इच्छा आहे.

कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा, चौकोनी पिक्सेलांत विभागलेला डिजिटल नकाशा) घेऊन, ग्रास या नकाशाप्रणालीतील आर.वॉटरशेड या साधनाने प्रवाहाची दिशा आणि संचय (प्रत्येक पिक्सेलमध्ये वरच्या किती पिक्सेलांचे पाणी येते ते) काढून, ओढा सुरू होण्यासाठी ५०० पिक्सेलची किमान मर्यादा ठेवून आम्ही रेषा मिळवल्या. मोठ्या नद्या ठीक दिसतात. परंतु ताम्हिणीकडील दाट झाडीत रेषा प्रत्यक्ष ओढ्यापासून बाजूला सरकलेल्या आहेत, मुळशीच्या जलाशयावर सरळ समांतर रेषांचा पट्टा उमटला आहे आणि राम नदी बावधनच्या परिसरात रस्त्याच्या भरावापाशी येऊन भलतीकडे वळते. शिवाय मुळशीचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली कोकणातील भिऱ्याकडे जाते, ते नकाशात कसे दाखवावे हेही ठरत नाही.

हायड्रोरिव्हर्स या जगभरातील नद्यांच्या तयार संचातील रेषांशी तुलना केली, तेव्हा मुख्य प्रवाह चांगले जुळले. एवढी तपासणी पुरेशी मानावी का?

पाणवाट

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. हायड्रोरिव्हर्स हा संच फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवस झालेल्या एसआरटीएम रडार मोजणीवर मुख्यतः आधारलेला आहे. त्याचे पिक्सेल सुमारे अर्ध्या किलोमीटरचे आहेत आणि साधारणपणे १० चौरस किलोमीटरपेक्षा लहान पाणलोट असलेले प्रवाह त्यात नाहीत. म्हणजे तुम्हाला ज्या ओढ्यांची काळजी आहे, ते त्यात मुळात येतच नाहीत. कोपर्निकसचा डीईएमही २०११ ते २०१५ या काळातील रडार मोजणीतूनच आला आहे. दाट जंगलात रडारला जमीन दिसत नाही, झाडांच्या माथ्याजवळचा पृष्ठभाग दिसतो, आणि हा दोष दोन्ही संचांत आहे. त्यामुळे ताम्हिणीत दोन्ही संच एकाच दिशेने चुकले, तर त्यांचे एकमेकांशी जुळणे हा अचूकतेचा पुरावा ठरत नाही. तपासणीचा आधार नेहमी वेगळ्या मार्गाने आलेला असला पाहिजे: उपग्रहचित्र, भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे किंवा प्रत्यक्ष जागेवरची नोंद.

आता ५०० पिक्सेलविषयी. ३० मीटरच्या पिक्सेलचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, म्हणून तुमची मर्यादा ४५ हेक्टर झाली. पूर्वेकडे, जेथे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे ही मर्यादा चालून जाईल. पण ताम्हिणीच्या पट्ट्यात पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर जातो आणि उतारही तीव्र आहेत, त्यामुळे तेथे याहून बऱ्याच लहान पाणलोटातून ठळक ओढा सुरू होतो. संपूर्ण खोऱ्याला एकच मर्यादा लावली, तर पश्चिमेकडचे ओढे गळतात किंवा पूर्वेकडे माळरानावर नसलेले ओढे उगवतात. खोऱ्याचे पावसानुसार दोन-तीन भाग करावेत आणि प्रत्येक भागात काही ओढ्यांचे उगम चित्रावर पाहून त्या भागाची मर्यादा ठरवावी. काम सुरू करण्यापूर्वी डीईएम यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणलेला असावा, म्हणजे हेक्टरचा हिशेब सर्वत्र खरा राहतो.

जलाशयावरील समांतर रेषांचे कारण सोपे आहे. कोपर्निकसच्या डीईएममध्ये जलाशयांचा पृष्ठभाग मुद्दाम सपाट केलेला असतो आणि सपाट जागेत प्रवाहाला दिशा नसते, म्हणून प्रणाली काही तरी दिशा ठरवून मोकळी होते. तेथील सर्व रेषा काढून टाकाव्यात आणि जलाशयात येणारा प्रत्येक ओढा धरणाच्या भिंतीपर्यंत नेणाऱ्या जोडरेषा हाताने काढाव्यात. या रेषा जोडणीपुरत्या आहेत, अशी नोंद त्यांच्या गुणधर्मात अवश्य करावी.

राम नदीची अडचण मात्र अधिक लक्ष देण्यासारखी आहे. आर.वॉटरशेड खड्डे भरत नाही, ते खोलगट जागेतून बाहेर पडण्याचा सर्वांत कमी चढाचा मार्ग शोधते. रस्त्याचा भराव आडवा आला, की त्या प्रणालीच्या दृष्टीने तो बंधाराच असतो आणि पाणी भरावाच्या सर्वांत खालच्या जागेवरून ओलांडते. ती जागा आणि भरावाखालची मोरी एकच असण्याचे काही कारण नाही. उपाय असा, की प्रत्येक पूल आणि मोरी बिंदूरूपाने आधी नोंदवावी, त्या ठिकाणी डीईएममध्ये भरावाच्या आरपार अरुंद चर पाडावा आणि मग प्रवाह पुन्हा काढावा. शहरी भागात हे काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही. संपूर्ण ओढाच आधी हाताने काढून डीईएममध्ये कोरण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती वापरल्यास मिळालेली रेषा त्याच ओढ्याशी ताडून अचूकता जाहीर करता येणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

सह्यकडा

वरील उत्तरात रेषेच्या जागेविषयी सर्व आले आहे. मला जोडणीविषयी आग्रहाने सांगायचे आहे, कारण दहा मीटर सरकलेली रेषा बहुतेक कामांत चालते, पण दोन मीटरची फट राहिलेला संगम संपूर्ण वरचे खोरे नकाशावरून तोडून टाकतो. संगणकाच्या पडद्यावर ती फट दिसतही नाही.

प्रत्येक रेषा प्रवाहाच्या दिशेनेच काढलेली असावी. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना संपादता येणाऱ्या खुल्या नकाशात तर हा नियमच आहे. त्यानंतर कोणत्याही उगमापासून सुरुवात करून खाली खाली जात राहावे, तुम्ही संगमापर्यंत पोहोचलाच पाहिजे. मध्ये थांबलात तर तेथे फट आहे किंवा पुढची रेषा उलटी आहे, आणि फिरून त्याच नोडवर (रेषा जेथे जोडतात त्या बिंदूवर) आलात तर वेटोळे आहे. नैसर्गिक ओढ्यात एका नोडमधून एकच रेषा बाहेर पडते. बेटाभोवतीचे फाटे किंवा बंधाऱ्यापासून निघणारा पाट हे अपवाद असून ते स्वतंत्रपणे नोंदवावेत. कालवा ओढ्यावरून जलसेतूने जातो, तेथे दोन रेषा एकमेकींना छेदतात पण त्यांचा नोड एक नसतो. घाईत तेथे नोड जोडला, तर कालव्याचे पाणी कागदोपत्री ओढ्यात उतरते. ओपनस्ट्रीटमॅप संपादण्याच्या जेओएसएम या प्रणालीतील व्हॅलिडेटर (चुका शोधणारे साधन) न जोडलेले प्रवाह आणि रस्त्याशी होणारे संशयास्पद छेद दाखवतो. पण त्याने दाखवलेली प्रत्येक सूचना एका टिचकीत 'दुरुस्त' करू नये, प्रत्येक ठिकाणी चित्र पाहावे.

आणखी एक उपयुक्त कसोटी आहे. स्ट्रालरच्या पद्धतीने ओढ्यांना क्रम द्यावा (उगमाचा ओढा पहिल्या क्रमाचा, समान क्रमाचे दोन ओढे मिळाले की पुढचा क्रम) आणि लागोपाठच्या दोन क्रमांतील ओढ्यांच्या संख्यांचे गुणोत्तर काढावे. नैसर्गिक खोऱ्यांत ते बहुधा ३ ते ५ यांच्या दरम्यान येते. एखाद्या उपखोऱ्यात ते १० आले, तर तेथे खोटे लहान ओढे वाढले आहेत किंवा मधले संगम तुटले आहेत, असे समजून ते उपखोरे पुन्हा उघडावे.

भिरा-पाटणूस

मुळशीच्या पाण्यापुरते लिहितो. धरणाच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी मुळेतून मुठेला, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. भिऱ्याच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येऊन रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालू आहे, म्हणजे ही व्यवस्था तात्पुरती समजण्यासारखी नाही.

तरीही पाणलोटाची सीमा बदलू नये. डोंगराची धार जेथे आहे, तेथेच राहावी. बोगदा आणि दाबनलिका ही मानवनिर्मित जलवहनाची रेषा म्हणून वेगळ्या प्रकारात दाखवावी, तिचा एक टोकाचा नोड जलाशयाशी आणि दुसरा कुंडलिकेशी जोडावा आणि 'दुसऱ्या खोऱ्यात वळवलेले पाणी' असा गुणधर्म द्यावा. मग नैसर्गिक प्रवाह मोजणारा ती रेषा वगळू शकेल आणि प्रत्यक्ष पाणी मोजणारा ती धरू शकेल. ही रेषा मुळीच न दाखवल्यास मुळशीखालच्या मुळेत पाणी प्रत्यक्षापेक्षा फार अधिक असल्याचा समज होतो, आणि काठच्या गावांच्या दृष्टीने तो समज घातक आहे.

मुळाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोऱ्यांची नोंद शहरी भागापासून सुरू करतो. एक शंका उरते: जागेवर जाऊन सर्व ओढे पाहणे शक्य नाही. थोडे पाहून संपूर्ण स्तराविषयी विधान कसे करावे?

पाणवाट

सोयीचे, रस्त्यालगतचे ओढे निवडू नयेत, एवढे पथ्य पाळले तर थोडक्या पाहणीतूनही भरवशाचे विधान करता येते. खोऱ्यावर दोन किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकून घाटमाथा, मधला डोंगराळ भाग आणि शहर अशा तिन्ही पट्ट्यांतून चिठ्ठ्या टाकून चौकोन निवडावेत. निवडलेल्या चौकोनात प्रत्येक ओढा स्वतंत्रपणे, आपली रेषा न पाहता, चित्रावरून काढावा आणि जमेल तेथे जीपीएसने चालून पाहावा. मग गुडचाइल्ड आणि हंटर या अभ्यासकांनी १९९७ मध्ये मांडलेली बफरची पद्धत वापरावी: संदर्भरेषेभोवती ठरावीक रुंदीचा पट्टा आखून आपल्या रेषेची किती टक्के लांबी त्यात पडते ते मोजावे. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, त्यामुळे २५ मीटरचा पट्टा या कामाला योग्य वाटतो. गळलेले ओढे आणि नसताना दाखवलेले ओढे यांची टक्केवारी मात्र वेगवेगळी द्यावी, त्यांची सरासरी करू नये. पुराचा अंदाज बांधणाऱ्यासाठी गळलेला ओढा अधिक धोक्याचा आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुरात माणसे दगावली, हे आपण विसरू शकत नाही.

पाहणीची तारीख प्रत्येक नोंदीला जोडावी. एप्रिलमध्ये कोरडा दिसलेला ओढा हंगामी आहे, तो 'अस्तित्वात नाही' असे कोणी लिहू नये. शक्य असल्यास एकच चौकोन ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीमध्ये असा दोनदा पाहावा. जाल तेव्हा गावातील जाणत्यांना ओढ्याचे नाव विचारावे. वरच्या आणि खालच्या वाडीत नावे वेगळी निघाली, तर दोन्ही नोंदवून प्रत्येक नाव कोणत्या टप्प्यापुरते आहे हेही लिहावे.