१९६५ची एमजीबी आणि घरची होंडा सिटी

प्रश्न : इंग्लंडमध्ये मेव्हण्याच्या १९६५च्या एमजीबीतून (उघड्या छताच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमधून) फिरण्याचा योग आला, तेव्हा ताशी ८० किलोमीटरलाही ती उडत असल्यासारखी वाटली. आमची होंडा सिटी शंभरावरही शांत असते. मग अधिक वेगवान गाडी कोणती?

उत्तर : निःसंशय सिटी. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाची शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती, तर सिटीचे १४९८ सीसी इंजिन सुमारे १२० देते. कारण एसयू बनावटीच्या दोन कार्ब्युरेटरांच्या (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागांच्या) जागी इंधन इंजेक्शन आणि प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह आले. थांबलेल्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटर गाठायला एमजीबीला बारा सेकंदांच्या आसपास लागत.

दुसरे उत्तर : आकडे मान्य, तरीही त्यांत तो अनुभव मावत नाही. एमजीबीत आपण जवळजवळ रस्त्यावरच बसतो, छत उघडे असते, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नसल्यामुळे गाडी पूर्ण थांबण्याआधी तो टाकला की दाते करकरतात. थंडीत चोक (थंड इंजिनाला जास्त इंधन मिळावे म्हणून ओढायची कळ) ओढून ठेवायचा आणि इंजिन तापेल तसा हळूहळू आत ढकलायचा, हे सिटी चालवणाऱ्याला कधी करावे लागतच नाही. (मला तरी त्यातच मजा वाटते.)

तिसरे उत्तर : पावसात मात्र मी मुलांना सिटीतच बसवीन. एमजीबीला ना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा), ना एअरबॅग, आणि मागे ड्रम ब्रेक.