मदत हवी आहे: सिक्युअर बूट चालू ठेवून ग्राफिक्स ड्रायव्हर कसा लोड करायचा?

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर डेबियन 12 (लिनक्स) आहे आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय आणि त्याचा क्लोज्ड सोर्स ड्रायव्हर नॉन-फ्री रेपॉझिटरीतून टाकलाय. इन्स्टॉल व्यवस्थित झालं, डीकेएमएसने (कर्नलसाठी ड्रायव्हर मॉड्यूल आपोआप बिल्ड करणारं टूल) मॉड्यूलही बिल्ड केलं. पण रीस्टार्टनंतर स्क्रीन कमी रिझोल्यूशनवर अडकते, दुसरा मॉनिटर दिसतच नाही आणि रेंडरर म्हणून एलएलव्हीएमपाइप येतं. म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर. साधी खिडकी सरकवली तरी पंखा घोंघावतो.

मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करायची कमांड) केल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा एरर येतो. म्हणजे मॉड्यूलवरची सही सिस्टिमला मान्य नाही; त्यामुळे गाडी सहीवरच अडली आहे, हे नक्की. मोकयुटिलने (सहीच्या कीज नोंदवायचं टूल) डीकेएमएसची की इम्पोर्ट केली, पासवर्डही दिला. खरी अडचण पुढे आहे: रीस्टार्ट होताना की मंजूर करायची ती निळी स्क्रीन यायला हवी, ती येतच नाही. थेट लॉगिन.

बायॉसमधलं फास्ट बूट आड येत असेल का? की शिम (सिक्युअर बूटमध्ये आधी चालणारा छोटा लोडर) वगळून थेट ग्रब (मुख्य बूटलोडर) सुरू होतोय? बूटचा क्रम एफिबूटमॅनेजरने तपासायचा तर नेमकं काय बघू?

सिक्युअर बूट बंद केलं की ड्रायव्हर लगेच चालतो, पण तो मार्ग मला नको आहे. कर्नल अपडेट झाल्यावर सही आपोआप होत राहील, अशी कायमची व्यवस्था हवी आहे. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. डीमेसेजचं (कर्नलच्या संदेशांचं) आउटपुट लागलं तर लगेच टाकतो.