सीटी व्हॅल्यू बघून कोणाला रत्नागिरीला पाठवायचं ते ठरवता येईल का?

ओपीडी_राजापूर

श्रावण सरता सरता चाकरमानी गावी यायला लागतात आणि गणपतीच्या दिवसांत एकेका घरातले चार-पाच जण ताप-खोकला घेऊन ओपीडीत येतात. काहींचे फ्लू-कोविडचे आरटी-पीसीआर रिपोर्ट हातात असतात, त्यावर सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसेपर्यंत यंत्राला लागलेल्या आवर्तनांचा आकडा) छापलेली असते. नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "व्हायरल लोड (अंगातला विषाणू) जास्त आहे का?" खाडीपलीकडच्या वाडीतून रुग्ण हलवायचा तर दोन तास मोडतात, म्हणून एक नियम करायचा विचार आहे. सीटी २० च्या आत असेल तर लगेच रत्नागिरीच्या रुग्णालयात, २० ते ३० असेल तर रोज फोन, ३० च्या वर असेल तर घरीच. हा नियम टिकेल का? टिकणार नसेल तर त्याऐवजी काय मोजायचं? हाताशी ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र आणि वाडीवाडीत जाणाऱ्या आशाताई आहेत.

पीसीआर_बेंच

हा नियम लावू नका. त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग तिसरा आहे, "३० च्या वर घरीच".

सीटी म्हणजे यंत्राला विषाणूचा जनुकीय अंश दिसेपर्यंत लागलेल्या आवर्तनांची संख्या. दर आवर्तनाला माल दुप्पट होतो, म्हणून आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. साधारण ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे दहापट आणि १० आवर्तनांचा म्हणजे हजारपट. इथपर्यंत सरळ आहे. अडचण ही की हे गणित त्या ट्यूबमधल्या विषाणूचं आहे, रुग्णाच्या छातीतल्या नव्हे.

एचआयव्हीचा व्हायरल लोड उपयोगी पडतो कारण तिथे ठराविक मापाचा प्लाझ्मा घेतात आणि मिलिलिटरमागे किती प्रती ते सांगतात. स्वॅबला असं माप नाही. कांडी नाकाच्या मागच्या भिंतीला टेकली की नाकपुडीतूनच परत आली, त्यावर किती स्राव आला, तो किती मिलि व्हीटीएममध्ये (स्वॅब ज्यात बुडवून पाठवतात त्या द्रवात) विरला, हे रिपोर्टवर कुठेच नसतं. एकाच माणसाचे एकाच सकाळी दोन जणांनी घेतलेले स्वॅब तीन-चार आवर्तनांनी वेगळे येऊ शकतात, म्हणजे कागदावर दहापट फरक.

लॅबच्या आतही आकडा हलतो. ई, एन, ओआरएफ१एबी या विषाणूच्या जनुकांचे सीटी एकाच नमुन्यात वेगवेगळे येतात आणि रिपोर्टवर कोणता छापायचा ते लॅब ठरवते. आरएनए (विषाणूचा जनुकीय माल) ५० ऐवजी १०० मायक्रोलिटरमध्ये काढला की सीटी १ ने वाढतो. पाच नमुने एकत्र करून पूल चालवला तर सुमारे २.३ ने वाढतो. आलेखावरची थ्रेशोल्डची रेघ (जिथे पोचल्यावर विषाणू दिसला असं धरतात ती) हाताने वर-खाली केली तरी फरक पडतो. म्हणून एका किटवरचे २२ आणि दुसऱ्या किटवरचे २२ हे एकच नव्हेत. आकड्याचं खरं माप करायचं तर ज्ञात प्रतींचे दहा-दहापट विरल केलेले नमुने त्याच रनमध्ये लावून स्टँडर्ड कर्व्ह काढावी लागते. तिचा उतार -३.१ ते -३.६ च्या दरम्यान आला तरच प्रती मोजाव्यात. रोजच्या निदानाच्या रनमध्ये हे कोणी करत नाही, आणि निदानासाठी ते लागतही नाही.

रिपोर्टवर आरनेज-पीचा सीटी दिला असेल तर तो मात्र जरूर बघा. तो रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा खुणेचा जनुक असतो. तो उशिरा आला किंवा आलाच नाही तर स्वॅब नीट घेतला गेला नाही किंवा आत पीसीआर अडवणारं काही होतं असं समजायचं. अशा नमुन्याचा ३४ म्हणजे "विषाणू कमी" असं नव्हे.

छातीविकार_कुडाळ

वरचं सगळं मान्य. लॅब अगदी बिनचूक असली तरी नियम फसेल, कारण विषाणू आणि आजार एका लयीत चालत नाहीत.

कोविडमध्ये घशातला विषाणू लक्षणांच्या सुरुवातीच्या आसपास सर्वाधिक असतो आणि मग उतरत जातो. दम लागणं आणि ऑक्सिजन घसरणं बहुधा सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास येतं आणि ते शरीराच्या दाहक प्रतिक्रियेमुळे. म्हणूनच २०२० च्या रिकव्हरी या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड ६ मिग्रॅ ऑक्सिजन लागणाऱ्यांना उपयोगी पडलं आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. आता तुमचा नियम लावून बघा. पहिल्या दिवसाचा १७ सीटीचा धडधाकट तरुण रत्नागिरीच्या वाटेवर, आणि नवव्या दिवशी ३२ सीटी असलेले, धाप लागलेले आजोबा घरी.

आणखी एक गोंधळ घरच्यांना आवर्जून समजावा. एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) २५ पैकी स्कोअर आणि पीसीआरची सीटी व्हॅल्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कोअर वाढला की वाईट, सीटी कमी झाली की विषाणू जास्त. फोनवर "सीटी १८ आली" ऐकलं की कुठली, ते आधी विचारा.

त्याऐवजी हे मोजा:

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोठ्या माणसात २४ च्या वर किंवा ऑक्सिजन ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, भरती. ३० च्या वर किंवा ९० च्या खाली म्हणजे गंभीर, ऑक्सिजन लावूनच हलवा.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट कोरडं आणि गरम करा. पावसात भिजून आलेल्या माणसाचं थंड बोट खोटा आकडा देतं. नेलपॉलिश काढा. मिनिटभर बोट स्थिर ठेवून आकडा थांबला की लिहा. सावळ्या कातडीवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून ९४ वर निर्धास्त होऊ नका. बसून ९४ किंवा जास्त असेल तर घरातल्या घरात सपाटीवर सहा मिनिटं चालवा. ३ किंवा अधिकने उतरला, ९४ च्या खाली गेला किंवा मध्येच दम लागला तर भरती. आधीच धाप असेल तर मात्र चालवू नका.

तापाचा पहिला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आशाताईंची फेरी पाचव्या ते दहाव्या दिवसात रोज हवी, मग सीटी काहीही असो.

फ्लूसाठी तर सीटीची वाटच बघायची नाही. केंद्राच्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) वर्गवारीत बी-२ म्हणजे गरोदर बाई, लहान मूल, ६५ च्या वरचे, दमा, मधुमेह, हृदय-मूत्रपिंडाचे आजार असलेले. त्यांना तपासणीविना ओसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध सुरू करायचं, मोठ्यांना ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा पाच दिवस, शक्यतो ४८ तासांच्या आत. मूत्रपिंडाच्या रुग्णात डोस कमी करावा लागतो. स्वॅब घाट चढून लॅबला जाऊन परत येईपर्यंत हे ४८ तास सरलेले असतात.

साथरोग_वाचक

थोडा विरोध नोंदवतो. न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णालयांत २०२० मध्ये भरती झालेल्या ६७८ कोविड रुग्णांत सीटी २५ च्या खाली असलेल्यांपैकी ३५ टक्के दगावले, २५ ते ३० मध्ये १७.६ टक्के, ३० च्या वर ६.२ टक्के. इतका फरक असताना आकडा निरुपयोगी कसा?

छातीविकार_कुडाळ

निरुपयोगी नाही, पण तो गटाचा आकडा आहे. ते सगळे आधीच भरती होण्याइतके आजारी होते. तुमच्या ओपीडीत येणारे बहुतेक तसे नसतात, त्यामुळे ते प्रमाण इकडे उचलून आणता येत नाही. शिवाय त्याच आकड्यांत कमी सीटीचे १०० पैकी ६५ वाचले आणि "सुरक्षित" गटातलेही ६ दगावले. समोरच्या एका माणसाला पाठवायचं की नाही याला हे पुरत नाही. भरती झालेल्या कोविड रुग्णांचा मृत्यूचा धोका सांगणाऱ्या ४सी स्कोअरमध्ये वय, लिंग, जुने आजार, श्वास, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी (दाहाची रक्ततपासणी) आहेत. व्हायरल लोड त्यात नाही. रक्तात विषाणूचा आरएनए सापडणं हे तीव्रतेशी जास्त जुळतं, पण ती तपासणी तालुक्याला होत नाही.

आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही) सीटीवरून तीव्रता ठरवू नका असंच सांगितलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये पॉझिटिव्हची मर्यादा २४ वर आणावी का असं महाराष्ट्राने विचारलं, तेव्हाही त्यांनी ३५ कायम ठेवली.

नमुना_वाहतूक

सीटी खोटी वाढते ती बहुतेक वेळा लॅबच्या दाराबाहेर. कापसाचा किंवा लाकडी दांडीचा स्वॅब चालत नाही, डॅक्रॉन किंवा नायलॉन हवा. डोकं थोडं मागे, कांडी वर नाही तर आडवी, कानाच्या दिशेने. अडथळा लागला की काही सेकंद थांबून फिरवा. रक्त आलं तर तशी नोंद करा, रक्त पीसीआर अडवतं. व्हीटीएम गुलाबी आणि स्वच्छ हवं, पिवळं किंवा गढूळ झालेलं वापरू नका. २ ते ८ अंशांत ठेवा. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, वीज ये-जा करताना गोठून वितळलं की आरएनए तुटतो. श्रावणात रस्ता बंद पडतो, म्हणून खोक्यात चार आइसपॅक आणि आत थर्मामीटर ठेवा. उघडताना १२ अंश दिसले तर सीटीवर बोलायचंच नाही, फक्त पॉझिटिव्ह किंवा "पुन्हा पाठवा".

ओपीडी_राजापूर

नियम रद्द केला. लहान मुलांसाठी श्वासाची मर्यादा कोणती धरू? आणि सीटी मग कशालाच वापरायची नाही का?

छातीविकार_कुडाळ

दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. मूल शांत असताना मोजा, रडताना किंवा ताप चढलेला असताना आकडा फुगतो. छाती आत ओढली जाणं, अंगावर पिणं सोडणं, सुस्ती यांपैकी एकही दिसलं तर आकडा न बघता हलवा.

सीटीचा उपयोग आहे. लक्षणं गेल्यावर आठवड्यांनी आलेला ३४ बहुधा जुन्या संसर्गाचा उरलेला अंश असतो. अशा वेळी दुसरा आजार शोधा.

आणि इकडे तो दुसरा आजार बहुतेकदा शेतातला असतो. लावणी-बेणणीला चिखलात उभा राहिलेला माणूस, ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, लघवी कमी, मग दम किंवा थुंकीत रक्त: हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, पीसीआर निगेटिव्ह आली तरी. अशाला वाट न बघता पुढे पाठवा. चिठ्ठीवर तापाचा पहिला दिवस, श्वास, बसून आणि चालून ऑक्सिजन, बीपी, लघवी, दिलेली औषधं आणि वेळ लिहा. सीटी लिहायचीच असेल तर किटचं नाव आणि जनुकासकट.